विमानातून सुटलेलं क्षेपणास्त्र समुद्रात नेमकं काय बघतं?

मालवणात या विषयावर बोलायचं ठरलं तेव्हा आम्हाला आधी ४ डिसेंबर २०२३ आठवला. त्या वर्षीचा नौदल दिन इथे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या समोर, तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. आज इथे बसलेल्यांपैकी बरेच जण त्या दिवशी वाळूत उभे असणार. युद्धनौका समोर दिसत होत्या, विमानं डोक्यावरून गेली, कान बंद करायची पाळी आली. बघायला छानच होतं ते. पण विमानांच्या पंखाखाली युद्धाच्या वेळी जे लटकवतात, ते समुद्रावर सुटल्यावर करतं काय, हे त्या दिवशी कोणी सांगितलं नाही. आज आपण तेवढंच समजून घेऊ.

विषय आहे विमानातून डागायची नौकाविरोधी क्षेपणास्त्रं. ती किती वेगाने जातात, किती लांब जातात, हे आकडे कुठेही मिळतात. आम्हाला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. समोर जे जहाज आहे ते नेमकं कोणाचं, हे त्या क्षेपणास्त्राला कसं कळतं? ऐंशी वर्षांचा इतिहास बघितला तर जहाजावर नेम धरणं त्या मानाने लवकर जमलेलं दिसतं. ओळख पटवणं मात्र अजूनही जमतंच आहे.

क्षितिजाचा हिशेब

आधी साधी गोष्ट. दांडीच्या किनाऱ्यावर पाण्याशी उभं राहिलं तर समुद्र किती लांबपर्यंत दिसतो? माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून साधारण साडेचार किलोमीटर. त्यापलीकडे पृथ्वीची गोलाई आड येते. आता होडीतून किल्ल्यात जा आणि तटावर चढा. पाण्यापासून डोळ्याची उंची दहा मीटर धरली, तर क्षितिज अकरा किलोमीटरच्या थोडं पुढे सरकतं. म्हणून तर गडकरी टेहळणीला माणूस तटावर ठेवायचा, पुळणीत नाही.

हिशेब सोपा आहे. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ३.५७ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. दहा हजार मीटरवर उडणाऱ्या विमानाला लावून बघा. उत्तर येतं ३५७ किलोमीटर.

विमानातून क्षेपणास्त्र डागण्याचं पहिलं कारण हेच. जहाज कितीही मोठं असलं तरी त्याचं रडार डोलकाठीच्या उंचीवर असतं, विमानाचं रडार ढगांच्या वर. दुसरं कारण वेगाचं. जहाज ताशी पन्नास किलोमीटर गेलं तरी जोरात गेलं म्हणायचं. विमान तेवढं अंतर तीन-चार मिनिटांत कापतं.

हाच हिशेब उलटा लावला की जहाजावरच्या लोकांची अडचण कळते. समजा जहाजाचं रडार पाण्यापासून पंचवीस मीटरवर आहे आणि क्षेपणास्त्र पाण्याला जवळपास चिकटून, तीन मीटरवरून येतंय. रडारच्या लहरी हवेत किंचित वाकतात, ते धरूनही ते दिसतं सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरवर आल्यावर. सेकंदाला तीनशे मीटर वेग असेल तर हातात दीड मिनिट राहिलं. वेग दुपटीहून जास्त असेल तर चाळीस सेकंद. तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि उत्तर द्यायचं.

सुरुवात: दांड्यावर हात ठेवलेला माणूस

या शस्त्राची सुरुवात दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी केली. हेन्शेल २९३ हा रॉकेट लावलेला उडता बॉम्ब होता. २७ ऑगस्ट १९४३ला त्याने ब्रिटनची ‘एग्रेट’ बुडवली. पुढच्याच महिन्यात, ९ सप्टेंबरला, ‘फ्रिट्झ एक्स’ नावाच्या रेडिओने वळवता येणाऱ्या बॉम्बने इटलीची प्रचंड युद्धनौका ‘रोमा’ बुडाली. बाराशेहून अधिक माणसं गेली.

ही शस्त्रं चालायची कशी बघा. विमानात एक माणूस बसलेला असायचा. बॉम्बच्या शेपटीला दिवा किंवा धूर असायचा. त्या खुणेकडे आणि खालच्या जहाजाकडे बघत तो हातातला छोटा दांडा हलवायचा. म्हणजे शेवटपर्यंत बघणारा डोळा माणसाचा होता. तोटा उघड आहे. विमानाला तिथेच रेंगाळावं लागायचं. खालच्या तोफांना आयतं लक्ष्य मिळायचं आणि रेडिओ लहरींत अडथळाही आणता यायचा.

म्हणून युद्धानंतर सगळ्यांचा प्रयत्न एकाच दिशेने झाला. क्षेपणास्त्राच्या नाकातच छोटं रडार बसवायचं, म्हणजे सोडा आणि मागे फिरा. वैमानिक वाचला. पण त्याच वेळी शेवटी बघणारा माणूसही गेला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कराची, १९७१

नौदल दिन ४ डिसेंबरलाच का, ते तुम्हाला माहीत आहे. १९७१च्या त्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र नौकांनी कराचीसमोर हल्ला केला. पाकिस्तानची विनाशिका ‘खैबर’ बुडाली, सुरुंगशोधक ‘मुहाफिज’ बुडाली. ही क्षेपणास्त्रं नौकेवरची होती, विमानातली नव्हे. आपल्याकडे तेव्हा विमानातून डागायचं नौकाविरोधी क्षेपणास्त्रच नव्हतं. या नौका लहान, त्यांचा पल्ला कमी, त्यामुळे वाटेत त्यांना मोठ्या जहाजांनी ओढत न्यावं लागलं. विमान असतं तर हा खटाटोप वाचला असता.

त्या मोहिमेची शौर्याची बाजू आपण दरवर्षी ऐकतो आणि ती खरीच आहे. आजच्या विषयासाठी मात्र दुसरी बाजूही बघायला हवी. पहिल्या रात्री ‘व्हीनस चॅलेंजर’ हे मालवाहू जहाजही बुडालं. ८ डिसेंबरच्या रात्री ‘विनाश’ने चार क्षेपणास्त्रं सोडली. एक किमारीच्या तेलटाक्यांवर बसलं. एकाने पाकिस्तानी नौदलाचं तेलवाहू जहाज ‘ढाका’ निकामी झालं. उरलेली दोन लागली ती परक्या व्यापारी जहाजांना: पनामाचं ‘गल्फ स्टार’ बुडालं, ब्रिटनच्या ‘हरमॅटन’चं नुकसान झालं.

त्याच दिवसांत पाकिस्तानी हवाई दलाच्या विमानांनी ‘झुल्फिकार’ या त्यांच्याच फ्रिगेटवर गोळीबार केला, तिला भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून. म्हणजे वैमानिक स्वतः डोळ्यांनी बघत होते तरी चूक झाली. मग रात्रीच्या काळोखात रडारच्या ठिपक्यावर सोडलेल्या क्षेपणास्त्राकडून काय अपेक्षा करायची?

४ मे १९८२

विमानातल्या क्षेपणास्त्राने सगळ्या जगाचं लक्ष वेधलं ते फॉकलंडच्या युद्धात. अर्जेंटिनाकडे ‘सुपर एतांदार’ ही फ्रेंच विमानं होती आणि विमानातून डागायची ‘एक्झोसे’ क्षेपणास्त्रं फक्त पाच.

४ मेच्या सकाळी ‘नेपच्यून’ जातीच्या एका जुन्या टेहळणी विमानाने ब्रिटिश जहाजं कुठे आहेत ते शोधलं आणि कळवलं. दोन सुपर एतांदार लाटांच्या वरून, अगदी खालून निघाली. मधेच काही क्षण वर आली, रडार लावून एकदा बघितलं आणि परत खाली गेली. दोन क्षेपणास्त्रं सोडली आणि मागे वळली. त्यातलं एक ‘शेफील्ड’ या विनाशिकेला लागलं. त्या वेळी शेफील्डवर उपग्रह संदेशयंत्रणा चालू होती, आणि तिच्यामुळे शत्रूचं रडार ओळखणारं यंत्र बहिरं झालं होतं. आग विझवायच्या पाण्याची मुख्य नळी फुटली. वीस माणसं गेली. ओढून नेताना १० मेला जहाज बुडालं.

आपण एक्झोसेचं नाव घेतो, पण अर्धं काम त्या जुन्या नेपच्यूनने केलं होतं. क्षेपणास्त्राला कोणीतरी आधी सांगावं लागतं की तिकडे बघ. शंभर किलोमीटरवरून सोडलं तर पोचायला साधारण सहा मिनिटं लागतात. तेवढ्यात जहाज चार-साडेचार किलोमीटर सरकतं. म्हणून क्षेपणास्त्र आधी ठरलेल्या दिशेने मुकाट उडतं, पाण्यापासूनची उंची सतत मोजत राहतं, आणि जवळ आल्यावर नाकातलं रडार चालू करतं. या रडारला आपण शोधक म्हणू.

शोधकाला काय दिसतं

एक्झोसेचा व्यास पस्तीस सेंटिमीटर. म्हणजे शोधकाची थाळी जेवायच्या ताटाएवढीच. थाळी लहान असली की रडारचा झोत रुंद होतो. दहा किलोमीटरवर तो किलोमीटरभर रुंद असतो. त्या पट्ट्यात जे काही असेल, त्यावरून परत आलेल्या लहरी मोजायच्या. लोखंडाचा उभा भाग, डोलकाठी, क्रेन, वरचे मजले यांच्यावरून लहरी जोरात परत येतात. लाकूड आणि फायबरवरून कमी. इतकंच. झेंडा दिसत नाही, जहाजाचं नाव दिसत नाही, डेकवर उभा असलेला माणूस तर नाहीच.

त्यात फसवाफसवीही आहे. जहाजं हवेत ‘चाफ’ उडवतात, म्हणजे धातूचा थर दिलेल्या बारीक तंतूंचा ढग. शोधकाला तो ढगही जहाजासारखाच वाटतो.

आता २५ मे १९८२चा प्रसंग बघा. दोन सुपर एतांदारांनी ब्रिटिश विमानवाहू नौकांच्या ताफ्याच्या दिशेने दोन एक्झोसे सोडली. युद्धनौकांनी चाफ उडवला. क्षेपणास्त्राची दिशा चुकली. म्हणजे बचाव बरोबर झाला. पण क्षेपणास्त्र संपलं नव्हतं. पुढे जाऊन त्याच्या शोधकाला आणखी एक मोठा ठिपका दिसला: ‘अटलांटिक कन्व्हेयर’. कंटेनर वाहून नेणारं व्यापारी जहाज, युद्धासाठी घेतलेलं. त्यावर चाफ नव्हता. बारा माणसं गेली, कप्तान इयन नॉर्थही गेले. तीन ‘चिनूक’ आणि सहा ‘वेसेक्स’ हेलिकॉप्टरं जळाली, तंबू जळाले. पुढे ब्रिटिश सैनिकांना पाठीवर ओझी घेऊन ऐंशी-नव्वद किलोमीटर चिखल तुडवत चालावं लागलं, त्याचं मोठं कारण हे एक जहाज.

युद्धनौकेकडे स्वतःचा बचाव असतो. चुकलेलं क्षेपणास्त्र मग ज्याच्याकडे तो नसतो त्याला सापडतं.

तेलवाहू जहाजं

यानंतर आखातात इराण-इराक युद्ध पेटलेलं होतंच. १९८४पासून इराकी विमानांनी इराणचं तेल नेणाऱ्या जहाजांवर एक्झोसे सोडायला सुरुवात केली. इराणनेही जहाजांवर हल्ले केले. युद्ध संपेपर्यंत चारशेहून अधिक खलाशी मेले. हे सैनिक नव्हते. पगारावर काम करणारी, निरनिराळ्या देशांतली माणसं. मोठं तेलवाहू जहाज एका क्षेपणास्त्राने सहसा बुडत नाही, त्याचा कच्च्या तेलाने भरलेला पोटाचा भाग धक्का सोसतो. पण इंजिन आणि राहायच्या केबिन मागे असतात, तिथेच उंच मजले असतात. घाव तिथे बसला की माणसं जातात.

१७ मे १९८७ला इराकी विमानातल्या दोन एक्झोसेंनी अमेरिकेची ‘स्टार्क’ ही फ्रिगेट जखमी केली. सदतीस नौसैनिक मेले. अमेरिका तेव्हा इराकची शत्रू नव्हती. चूक झाली, असं इराकने सांगितलं.

या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी जहाजावर असतं. २६ जानेवारी २०२४ला एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. ते येमेनच्या जमिनीवरून हूथींनी सोडलेलं होतं, विमानातून नव्हे. पण डेकवरच्या माणसाला त्याने काय फरक पडतो? त्या जहाजावर बावीस भारतीय आणि एक बांगलादेशी होते. ‘आयएनएस विशाखापट्टणम’च्या पथकाने जाऊन आग विझवायला मदत केली. माणसं वाचली.

आपल्याकडे काय झालं

१९८३च्या शेवटी दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर ‘सी हॅरियर’ विमानं आली. मालवणपासून सरळ रेषेत हा तळ शंभर किलोमीटरच्या आत आहे. या विमानांना ‘सी ईगल’ हे ब्रिटिश क्षेपणास्त्र मिळालं, पल्ला साधारण ११० किलोमीटर. ‘सी किंग’ हेलिकॉप्टरांनाही तेच मिळालं. हवाई दलाच्या सहा क्रमांकाच्या स्क्वाड्रनला समुद्रावर काम करणारी खास जग्वार मिळाली, तीही सी ईगल घेऊन. ही स्क्वाड्रन तेव्हा पुण्याला होती.

सी हॅरियर २०१६मध्ये निवृत्त झाली, त्यांच्या जागी ‘मिग-२९के’ आली. २०२२मध्ये हंसावर ‘पी-८आय’ या टेहळणी विमानांची दुसरी स्क्वाड्रन उभी राहिली. हे विमान जहाज शोधतंही आणि ‘हार्पून’ क्षेपणास्त्र सोडतंही. म्हणजे १९८२मधला नेपच्यून आणि सुपर एतांदार एकाच विमानात आले.

ब्रह्मोसची गोष्ट वेगळी. विमानातल्या ब्रह्मोसचं वजन अडीच टन. ते सुखोईच्या पोटाखाली टांगायचं तर विमानाचा सांगाडाच बळकट करावा लागतो. ते काम हिंदुस्तान एरोनॉटिक्सने नाशिकला ओझरमध्ये केलं. २२ नोव्हेंबर २०१७ला बंगालच्या उपसागरावर सुखोईतून ब्रह्मोसची पहिली चाचणी झाली, लक्ष्य समुद्रातलं जहाज होतं. वेग ध्वनीच्या अडीच पटींहून जास्त. मघाशी चाळीस सेकंदांचा हिशेब केला, तो अशाच क्षेपणास्त्रांचा.

माणूस परत आत

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आता घेऊ. वैमानिकाला वाचवण्यासाठी माणसाचा डोळा क्षेपणास्त्रातून काढून टाकला होता. तो आता परत येतोय.

डीआरडीओने नौदलासाठी हेलिकॉप्टरमधून डागायचं कमी पल्ल्याचं क्षेपणास्त्र बनवलंय. त्याची पहिली चाचणी १८ मे २०२२ला सी किंगमधून झाली. जुन्या सी ईगलची जागा ते घेणार आहे. पल्ला साधारण पंचावन्न किलोमीटर, म्हणजे फार नाही. ते बनवणाऱ्या प्रयोगशाळांत पुण्याची उच्च ऊर्जा पदार्थांची प्रयोगशाळाही आहे. त्याच्या नाकात रडार नाही, उष्णतेचं चित्र काढणारा कॅमेरा आहे. ठिपक्याऐवजी आकार दिसतो: पुढची टोकेरी बाजू, धुराडं, मजले.

२५ फेब्रुवारी २०२५ला ओडिशात चांदीपूरला झालेली चाचणी आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. क्षेपणास्त्र फक्त दिशा देऊन सोडलं. पुढे एकमेकांच्या जवळ अनेक लक्ष्यं ठेवलेली होती. क्षेपणास्त्राच्या कॅमेऱ्यातलं चित्र हेलिकॉप्टरमधल्या वैमानिकाला दिसत होतं. वाटेत असतानाच त्याला लक्ष्य बदलता येत होतं. छोट्या जहाजाच्या लक्ष्यावर ते थेट बसलं.

१९४३मध्ये दांडा धरून बसलेला माणूस आणि हा वैमानिक, दोघंही एकच काम करतायत. फरक एवढाच की याला तोफांच्या माऱ्यात रेंगाळावं लागत नाही. अर्थात हेही सांगायला हवं की चित्र दाखवणारी रेडिओची कडी शत्रू तोडू शकतो, आणि ध्वनीच्या दुप्पट-तिप्पट वेगाने जाणाऱ्या क्षेपणास्त्रात चित्र बघून विचार करायला माणसाला वेळ फार थोडा मिळतो. वेग हवा की खात्री, ही ओढाताण अजून संपलेली नाही.

एक प्रश्न

व्याख्यानानंतर दांडीच्या एका पारंपरिक मच्छीमाराने विचारलं, “आमची होडी त्या मिसाईलाक दिसतली काय?”

लोक हसले, पण प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर असं. फायबरची छोटी होडी रडारला अंधुक दिसते, जवळचं मोठं लोखंडी जहाज ठळक दिसतं. पण ट्रॉलर एकमेकांना लागून उभे असतील तर त्या किलोमीटरभर रुंद झोतात त्यांचा मिळून एक मोठा ठिपका होऊ शकतो. होडीच्या कुशीवर रंगवलेला नोंदणी क्रमांक क्षेपणास्त्र वाचत नाही. तुमच्या होडीवरचा ट्रान्सपॉन्डरही ते ऐकत नाही.

मग ट्रान्सपॉन्डरचा उपयोग काय? उपयोग क्षेपणास्त्र सुटायच्या आधी आहे. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरमधून मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवायच्या योजनेची सुरुवात झाली. वादळाचा इशारा मिळावा, संकटात हाक देता यावी, हा त्याचा मुख्य हेतू. पण किनाऱ्यावर बसलेल्या माणसाच्या नकाशावर ‘ही मालवणची होडी’ अशी खूण असेल, तर तिथला ठिपका कोणाचा हे कोणाला अंदाजाने ठरवावं लागत नाही. समुद्रातला प्रत्येक ओळखीचा ठिपका एक शंका कमी करतो.

गडाच्या तटावरचा टेहळ्या गलबत दिसलं की आधी ते कोणाचं हे बघायचा, मग तोफखान्याला हाक द्यायचा. साडेतीनशे वर्षांनी क्षितिज अकरा किलोमीटरवरून साडेतीनशे किलोमीटरवर गेलं. आधी ओळखायचं आणि मग हाक द्यायची, हा क्रम मात्र तोच ठेवावा लागेल. इथे थांबतो.